वाकडं बोट

“…पण नराला माउली कसं म्हणता, महाराज?”

महाराज झाडापाशी होते. बुंध्याशी पाणी घालून झालं होतं. रिकामा तांब्या त्यांनी दगडावर पालथा घातला आणि ओला हात झाडाच्या सालीला पुसला.

“बास, माउली,” ते झाडाला म्हणाले. “ढगानं तुला रोज न्हाऊ घातलंय. हे आपलं माझ्या जिवाला बरं वाटावं म्हनून.”

प्रश्न विचारणारे उकिडवे मागं उभे होते. आलेलं हसू त्यांनी लपवलं नाही.

“चैत्रातही सांगितलं होतं तुम्हाला. हे झाड नर आहे. पराग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. नर तो नरच. हे माझं म्हणणं नाही, शास्त्र आहे.”

“असंल.”

“मग?”

“आळंदीला माउली कुनाला म्हनत्यात?”

ती भक्तांची भाषा झाली, असं उकिडवे म्हणाले.

“आन् झाडाची कंची भाषा?”

ह्यावर उकिडव्यांकडं उत्तर नव्हतं. पण उत्तर नसलं की गप्प बसावं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. ते पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगू लागले. महाराज ऐकत होते, की ढग बघत होते, ते कळायला मार्ग नव्हता.

सदानंद उकिडवे हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मूळचे देवगडकडचे, नोकरीला पुण्यात. आडनाव उकिडवे असलं, तरी हे गृहस्थ कोणापुढं उकिडवे बसलेले कोणी पाहिले नव्हते. चालणं ताठ, बोलणं ताठ, आणि सूचिपर्णी झाडांविषयी कोणी चुकीचा शब्द बोललं, की मान आणखी ताठ. त्यांचे विद्यार्थी त्यांना मागून ‘देवदार’ म्हणत. उकिडव्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

महाराज माणदेशातले. पाण्याच्या घोटासाठी मैलभर चालणाऱ्या मुलखातला माणूस गढवालच्या ह्या चिंब रानात कसा येऊन बसला, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. खालच्या गावातले लोक त्यांना ‘दक्खनी महाराज’ म्हणत आणि वर येताना पीठ-मीठ घेऊन येत. इतकी वर्षं डोंगरात काढूनही बोली मात्र माणदेशाचीच राहिली होती. मराठी माणूस भेटला की ती सगळीच्या सगळी बाहेर यायची.

आणि झाड…

देवदारांचं रान खाली राहतं. वाट चढत जाते, श्वास तोकडा पडू लागतो, आणि जिथं ढग जमिनीवर बसायला येतात तिथं, कड्याच्या काठाला लागून, ते झाड उभं आहे. राजथुनेर. थुनेर हा सूचिपर्णी वृक्ष हिमालयात इतरत्रही आहे, पण हा वेगळा. ह्याची साल जांभळट तांबडी, पानं इतकी गर्द की खाली उभं राहिलं तर भरदुपारीही दिवा लावावासा वाटतो. खोड आतून पोकळ. त्या पोकळीत महाराजांची सुकी लाकडं, कांबळं आणि तेलाची बाटली सुखानं मावते. झाडाचं वय विचारलं, की उकिडवे एक आकडा सांगत आणि सांगता सांगता स्वतःच हळू आवाजात बोलू लागत. ह्या एका बाबतीत त्यांचाही ताठा चालत नसे.

कधीकाळी ह्या खोऱ्यात राजथुनेरांचं रानच होतं म्हणतात. औषधासाठी लोकांनी साल सोलली. साल सोललेलं झाड पडत नाही, उभ्या-उभ्या मरतं. तशी सगळी गेली.

उकिडवे ही जात कित्येक वर्षं शोधत होते. शेवटी चैत्रात, हवेत पिवळा धूर दिसला म्हणून ते ह्या कड्यापाशी चढून आले. तो धूर नव्हताच. वाऱ्याच्या एका झुळकीसरशी झाडानं पराग सोडला होता. सोन्याचा ढग दरीवर जाऊन थांबला, मग हळूच पसरला आणि दिसेनासा झाला. उकिडव्यांच्या चष्म्यावर, भुवयांवर, ओठांवर तो पराग बसला. त्या दिवशी ते रडले. महाराजांनी त्यांना चहा दिला आणि काही विचारलं नाही.

रडून झाल्यावर मात्र त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. पराग सोडतो तो नर. ह्या जातीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. म्हणजे हा एकटा असेल तर ह्याच्यामागं कोणी नाही. दरसाल हा सोनं उधळणार, आणि घ्यायला कोणी नसणार.

मादी शोधायला हवी होती. आणि मादी ओळखू येते ती भाद्रपद-आश्विनात, लाल फळ धरतं तेव्हाच. म्हणून ते आता पुन्हा आले होते.

पण ह्या खेपेला उकिडव्यांच्या मनात दुसरंही काही होतं. महाराजांनी ते आल्या दिवशीच काढून घेतलं.

घरी कोण असतं, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

उकिडवे म्हणाले, मुलगी आहे, दुसरीत. बायको दोन पावसाळ्यांमागं आजारानं गेली. मुलगी देवगडला मावशीकडे असते. मावशीला मूल नाही, तिचा जीव आहे पोरीवर. आता ती म्हणते, भावोजी, तुम्ही सदा डोंगरात. पोरीला कायमची आम्हाला द्या, रीतसर दत्तक.

“मग?”

“खाली उतरलो की हो म्हणणार आहे.”

महाराजांनी चुलीत लाकूड सारलं. तेव्हा उकिडव्यांनी, कोणी न विचारता, आणखीही सांगितलं. पोरीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, अबोली. नाव अबोली आणि पोर दिवसभर बडबडायची. त्याचं घरात मोठं हसू व्हायचं. आई गेल्यापासून मात्र ती नावाला जागली. फोनवर बापाला ‘हं’ म्हणते, आणि दोघंही फोन धरून गप्प राहतात.

“वेणी घालायला गेलो तर गाठी होतात माझ्यानं,” उकिडवे म्हणाले. “रात्री उठून रडायची, तर काय करावं सुचायचं नाही. आईचं काम बापाला जमत नाही, महाराज. बाप तो बापच.”

“हेबी शास्त्र का?”

उकिडव्यांना ते टोचलं. त्यांनी विषय बदलला.

तर त्या सकाळी, माउलीवरून वाद घालून झाल्यावर, उकिडवे मुद्द्यावर आले. त्यांनी सरळच विचारलं: ह्या रानात कुठंही, कधीही, लाल फळ धरलेला राजथुनेर महाराजांनी पाहिला आहे का?

“पाहिलाय की.”

उकिडवे दोन पावलं पुढं आले.

“कुठं?”

महाराजांनी उजवा हात उचलला. तर्जनी अर्ध्यात दुमडली, आणि ते दुमडलेलं बोट, सांधा पुढं करून, वर धरलं. तोंडानं अक्षर काढलं नाही.

उकिडव्यांनी बोटाच्या रोखानं पाहिलं. समोर राजथुनेरचा शेंडा. त्याच्या वर ढग. ढगाच्या वर, मधूनच उघडी पडणारी, डोंगराची धार. शेंडा काय तो रोजचाच होता. म्हाताऱ्याची बोटं थंडीनं आखडली असणार, सरळ होत नसणार, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. हुशार माणसाच्या सगळं लगेच ध्यानात येतं. वाकवून दाखवलंय, म्हणजे ओलांडून जायला सांगतायत. धारेपलीकडं.

नक्की कुठं, किती खाली, हे विचारायला थांबतील तर ते उकिडवे कसले? त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

“चहा तरी घिऊन जा,” महाराज मागून म्हणाले.

तोवर ढगानं त्यांना पोटात घेतलं होतं.

धारेपलीकडचं रान त्यांनी ह्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

तिथं वाट नव्हती. पायाखाली शेवाळ असं, की पाऊल घोट्यापर्यंत आत जायचं आणि आवाज यायचा नाही. झाडांच्या फांद्यांवरून करड्या दाढ्या लोंबत होत्या. पक्षी असावेत, पण बोलत नव्हते. ढग आला की सगळी झाडं जात आणि फक्त खोडांचे पाय उरत. ढग गेला की ती एकदम उंचच्या उंच उभी राहत आणि उकिडवे दचकून मागं सरत. अशा जागी आपलं नाव, आपली नोकरी, आपले शोधनिबंध ह्यांचं काय करायचं ते माणसाला कळत नाही. दोनदा त्यांनी उगाच हाक मारून पाहिली. कोणाला मारली ते त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. हाक शेवाळात जिरून गेली.

ते शोधत राहिले. घळीत मुक्काम केला, कोरड्या पोळ्या खाल्ल्या, पुन्हा शोधत राहिले. प्रत्येक लाल ठिपक्यापाशी धावत गेले. कुठं जंगली गुलाबाची फळं निघाली, कुठं वाळकं पान निघालं.

आणि मग त्यांना ती सापडली.

एका उतारावर, अर्ध्या गोलात, बुंधेच बुंधे उभे होते. माणसाच्या उंचीचे, शेंडे मोडून गेलेले, पांढरे पडलेले, साल नसलेले. उकिडव्यांनी एकाला नख लावून पाहिलं. आतलं लाकूड नारिंगी तांबडं. राजथुनेर. सगळेच्या सगळे. त्यांच्यात नर कोण होता आणि मादी कोण, हे आता सांगायचं कोणी?

इथं ती होती, त्यांना वाटलं. ह्यांच्यातच कुठंतरी होती. मी उशिरा आलो.

ते खाली बसले, आणि कोणी पाहायला नव्हतं म्हणून तोंड झाकून मनसोक्त रडले. चैत्रात रडले होते ते आनंदानं. हे रडणं वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर ते झाडांपुरतं नव्हतं. बायको गेली त्या संध्याकाळी ते दवाखान्यातून घरी आले, तर अबोली दारात उभी होती. तिनं त्यांच्या मागं पाहिलं, आणखी कोणी येतंय का. मागं कोणी नव्हतं. तेव्हा त्यांना तिला जवळ घ्यायला सुचलं नाही. ते आत जाऊन हातपाय धुऊ लागले. ते त्यांना आठवलं, आणि त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. पोर मावशीकडं सुखात राहील. उतरलो की हो म्हणायचं. ह्या झाडाचंही तेच, त्या पोरीचंही तेच. जे संपलं ते संपलं.

ठरवल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. त्यांना वाटलं नाही.

ते परत आले तेव्हा ऊन पडलं होतं. ह्या जागी ऊन म्हणजे पाहुणाच. महाराज कुटीबाहेर चुलीशी बसले होते, चहा उकळत होता.

उकिडवे पिशवी न उतरवता समोर उभे राहिले.

“कशाला धाडलंत मला तिकडं?”

“म्या कुठं धाडलं?”

“बोट केलंत ना धारेकडं?”

“म्या धाडलं न्हाई, लेका. म्या दावलं.”

तिथं मेलेली झाडं आहेत, उकिडवे म्हणाले. सगळी. मी बुंधे मोजायचेही सोडून दिले. माझी उमेद होती तेवढी गेली. आता जाऊन लिहायचं, की ही जात संपली, आणि दुसरं जे सांगायचं ते देवगडला सांगायचं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. मग तो अर्ध्यावरच बसला.

महाराजांनी ऐकून घेतलं.

“बस आधी. दम खा. तो डबा दे, गुळाचा.”

आणि त्यांनी उकिडव्यांच्या पायाशी असलेल्या डब्याकडं बोट केलं.

उकिडव्यांनी डबा उचलला. दिला. आणि हात तसाच राहिला.

बोट सरळ होतं.

म्हाताऱ्याची तर्जनी, सांध्यात कुठंही न अडता, डब्याकडं ताठ रोखलेली होती. थंडीनं आखडलेली नव्हती. म्हातारपणानं वळलेली नव्हती. ज्या हातानं त्या दिवशी दाखवलं, तोच हा हात.

“महाराज… बोट तुमचं सरळ होतं?”

“मग काय, वाकडं जन्माला आलं का?”

“मग त्या दिवशी वाकवलंत का?”

महाराजांनी गूळ फोडला. खडा पातेल्यात टाकला. फडक्यानं हात पुसले.

“तुझ्या घरी येल न्हवता का रं कसला?”

वेल…

पुण्याच्या घराच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला काकडीचा वेल. तो अबोलीच्या आईनं लावला होता. पहिलं फळ धरलं, करंगळीएवढं, अजून फूल गळलं नव्हतं. उकिडवे कौतुकानं म्हणाले, ती बघ काकडी, आणि बोट केलं. पोरीनं झडप घालून त्यांचा हात धरला होता.

“बाबा, असं नाही. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते सडतं. आई म्हणते, बोट वाकवायचं.” तिनं आपल्या दोन्ही हातांनी त्यांची तर्जनी दुमडली होती. “आणि आधी दाखवलंत ना, म्हणून आता बोट चावा. चावा ना.”

त्यांनी बोट चावलं होतं. तिघंही हसले होते. हे सगळं शास्त्राला धरून नाही, असंही ते तेव्हा म्हणाले होते. उकिडव्यांचं आपलं कुठंही तेच.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरचं पोर जे ओळखेल, ते त्यांनी ओळखलं नव्हतं. वाकडं बोट कोणी डोंगराला दाखवत नाही. धारेला दाखवत नाही. वाटेला दाखवत नाही. वाकडं बोट एकाच गोष्टीला दाखवतात.

आणि त्या बोटासमोर झाड एकच होतं.

“नाही,” उकिडवे म्हणाले. “तो नर आहे.”

महाराज चहा गाळत होते.

“मी फांदी-फांदी पाहिलीय त्याची.”

“समदी?”

समदी नव्हे. कड्याच्या बाजूची नव्हे. तिकडं पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि गरजही नव्हती; नर एकदा नर ठरला, की त्याच्या मागल्या फांदीत काय बघायचं? ह्या खेपेला तर त्यांनी झाडाकडं नीट मान वर करून पाहिलंही नव्हतं. ते मादी शोधायला आले होते.

पिशवी कधी खाली पडली ते त्यांना कळलं नाही.

बुंध्याच्या पोकळीला दरीकडून एक फट होती. महाराजांची लाकडं बाजूला करून ते आत शिरले, पलीकडच्या फटीतून खांदे बाहेर काढले. खाली दरी होती. ढग तिच्यात संथ फिरत होते. उकिडव्यांनी दोन्ही हातांनी साल घट्ट धरली आणि मान वर केली.

एक फांदी दरीवर झुकलेली होती. जुनी, जाड, बाकी फांद्यांसारखीच गर्द. ऊन तिच्या पोटाशी लागलं होतं. आणि त्या उन्हात, पानांच्या काळोख्या हिरव्यात, एक लाल ठिपका होता.

त्यांना आधी वाटलं, डोळ्यांत रक्त उतरलंय. त्यांनी डोळे मिटले. उघडले.

ठिपका तिथंच होता. त्याच्या पलीकडं दुसरा. आणखी काही अजून हिरवेच, टाचणीच्या डोक्याएवढे, लालाची नुसती चाहूल लागलेले. शास्त्र त्याला फळ म्हणत नाही; बीजाभोवती मऊ लाल वाटी असते आणि वाटीत काळसर बी दिसतं. उकिडव्यांनी ही वाटी चित्रांत पाहिली होती, काचेखाली वाळलेली पाहिली होती. जिवंत, ओली, उजेड आरपार जाणारी कधी पाहिली नव्हती. बी दिसत होतं.

त्याच फांदीच्या शेजारची फांदी नराची होती. वाळलेले परागाचे तुरे अजून तिच्यावर होते. एकाच खोडातून दोन्ही निघाल्या होत्या. एकच मूळ होतं दोघींना.

परदेशात कुठंतरी एका फार जुन्या झाडाच्या बाबतीत असं घडलं होतं, हे त्यांनी एकदा वाचलं होतं. वर्गात सांगितलंही होतं, गंमत म्हणून, तास संपता संपता. मुलं हसली होती आणि तेही हसले होते.

आता त्यांना हसू येत नव्हतं. रडूही येत नव्हतं.  इतकी शतकं हे झाड नर होतं. आजूबाजूची गेली, एकेक करून गेली, उभ्या-उभ्या गेली. हा उरला. दरसाल त्यानं सोनं उधळलं, ते कोणी घेतलं नाही. आणि मग, कोण जाणे कुठल्या हिवाळ्यात, कोणी बघत नसताना, त्यानं आपली एक फांदी…

उकिडव्यांच्या हाताला, न सांगताच, बोट वर करायची इच्छा झाली. कोणाला तरी दाखवावं असं वाटलं. जवळ कोणी नव्हतं. बोट निम्म्यावर आलं, तसं त्यांनी ते दुमडलं.

तिथून ते मागं सरकत बाहेर आले.  बुंध्याशी, महाराज पाणी घालत त्या ओल्या जागी, उकिडवे उकिडवे बसले.

महाराज चहाचा पेला घेऊन आले आणि शेजारी बसले.

 ढग वर आला, दोघांच्या मधून गेला.

“तोंडानं का नाही सांगितलंत?” उकिडव्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“पोटुशी बाईचा गाजावाजा करत्यात व्हय?”

“कधीपासून धरतंय?”

वर्षं काही महाराजांनी मोजली नव्हती. एका आश्विनात वाऱ्यानं खाली काहीतरी लाल पडलं, म्हणून वर पाहिलं, एवढंच त्यांना आठवत होतं.

“आणि तेव्हापासून तुम्ही माउली म्हणायला लागलात.”

महाराजांनी मान हलवली.

“न्हाई. त्याच्या आधीपासनंच.”

उकिडव्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग झाडाकडं पाहिलं. चहा हातात निवत होता.

खिशातला फोन त्यांनी बाहेर काढला. इथं तो लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तो हातात धरून ठेवला. अबोलीचा आईच्या कडेवरचा फोटो त्यावर होता. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला. धुक्यानं पुन्हा ओला झाला, पुन्हा पुसला.

निवलेला चहा त्यांनी खाली ठेवला.

“महाराज…”

“बोल.”

“नर होता तो. इतकी वर्षं. त्याला…” ते फोनवरच्या फोटोकडं बघत होते. “त्याला हे जमलं कसं?”

महाराजांनी तांब्या उचलला. उरलंसुरलं पाणी बुंध्याशी ओतलं, आणि ओला हात ह्या खेपेला झाडाला न पुसता उकिडव्यांच्या डोक्यावर ठेवला.

“दुसरं कुनी उरलं न्हवतं, लेका.”